निर्गुडीला सांगून येणं

“औषधाचं पान स्वतःसाठी स्वतः मागू नये. घरातल्या दुसऱ्या कुणी आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू वाहावं, कुणासाठी हवं ते सांगावं, आणि मग सकाळी पाला आणावा,” सासूबाई सांगायच्या. त्यांच्या गुडघ्यांसाठी विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणाजवळच्या निर्गुडीला मी पंधरा वर्षं असं सांगून आले. तव्यावर गरम केलेला पाला बांधला, की त्या डोळे मिटून म्हणायच्या, “आता कशी सुखावले बघ!”

त्या गेल्या आणि दुखणं माझ्या गुडघ्यांत आलं. देवळात रोजच्या अकरा प्रदक्षिणांचा माझा नेम. आज तिसरीलाच पाय थांबले. देवाला हात जोडून तशीच घरी आले.

“अहो, माझ्यासाठी निर्गुडीला सांगून याल?” मी ह्यांना विचारलं.

“मी? झुडपाशी बोलायला? वॉचमन खुर्ची घेऊन बघत बसेल.”

मी पुन्हा विषय काढला नाही.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावून वळले, तर हे कुंकवाचा करंडा खिशात घालत होते.

“आईनं जाताना कबूल करून घेतलंय,” माझ्याकडे न बघता म्हणाले. “‘सूनबाईनं माझं केलं, आता तिचं तू करायचंस,’ म्हणाली.”

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. ह्यांनी मला ‘अगं’शिवाय कधी हाक मारलेली नाही. जिना उतरताना मात्र हलक्या आवाजात घोकत होते, “शालनसाठी... आमच्या शालनसाठी...”