घराकडचा बाण

फळ्यावर ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्द लिहून खुशालराव थांबले. कोळसा, वाफ, टर्बाइन, जनित्र, तारा, ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक शब्दापुढे एक बाण होता. शेवटचा बाण घराकडे जायचा होता. तो त्यांनी काढला नाही. खडू ठेवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

पुढचं आज किशोर सांगणार होता. किशोर हिवरखेडचा लाइनमन. त्याची मुलगी आकांक्षा याच सातवीच्या वर्गात होती. वीज घरापर्यंत कशी येते, हे ते काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून मुलांनी ऐकावं, असं मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं होतं. खुशालरावांनी नको म्हणून पाहिलं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा ते हजेरीपत्रक उचलून वर्गात गेले. ते कारण सगळ्या गावाला माहीत होतं.

मागच्या वर्षी त्यांची बायको साधना गेली. तिची फुप्फुसं निकामी होत आली होती. घरी ऑक्सिजनचं यंत्र होतं, ते लाइटवर चालायचं. लाइट गेली की सिलिंडर लावायचं. एका दुपारी किशोरनं लाइट बंद केली. शाळा सुटल्यावर मुलांना चौकापर्यंत सोडून खुशालराव घरी पोचले, तेव्हा यंत्र बंद होतं आणि साधना गेली होती. नळी नाकाला तशीच होती.

डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या हे होणारच होतं. खुशालरावांना ते पटलं नाही. बंद करण्याआधी त्याला एक फोन करता आला नसता का, असं ते भेटेल त्याला विचारत राहिले. किशोरला मात्र कधी विचारलं नाही. तो तेरवीला आला तेव्हा ते उठून आत गेले. वर्गात आकांक्षानं हात वर केला, की त्यांची नजर तिच्या मागच्या मुलाकडे जायची. पोरगी हुशार होती. हल्ली ती हात वर करत नव्हती.

किशोरनं मुलांना रबरी हातमोजे दाखवले, टेस्टर दाखवला. डीपीतला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतला फ्यूज कसा उडतो ते सांगितलं. मुलं रमली. मॅच रंगात आली की नेमकी लाइट कशी जाते, असं अंकुरनं विचारलं. तेव्हा पहिली शिवी तुझ्याच बापाची येते, असं किशोर म्हणाला. वर्ग हसला. आकांक्षाही हसली. खुशालराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांना तास संपायला हवा होता.

“मंग काका, न सांगता कावून बंद करता?” अंकुर म्हणाला.

किशोरचं हसू गेलं. त्यानं मागच्या बाकाकडे पाहिलं.

“सांग,” खुशालराव म्हणाले. “मले बी ऐकाचं आहे.”

किशोर सांगू लागला. तार तुटून पडली, की साऱ्या गावाला विचारत बसता येत नाही. पण ज्या घरी पेशंटचं यंत्र आहे, तिथे तो फोन करतोच. मागच्या वर्षी एकदा जोराचं वारं सुटलं आणि शाळेच्या गल्लीत तार तुटून पडली. शाळा सुटायची वेळ झाली होती. डीपीकडे पळता पळता त्यानं फोन लावला. सरांचा फोन वर्गात बंद असतो, म्हणून घरी लावला.

खुशालरावांना ती तार आठवली. नालीच्या कडेला गवतात पडली होती. मुलं तिच्यावरून उड्या मारत गेली होती. ते मुलांवर ओरडले होते. मग तेही ती ओलांडून चौकाकडे गेले होते.

“कोणी उचलला फोन?” त्यांनी विचारलं.

“काकूनं. म्हणे, सर पोराईले घेऊन त्याच रस्त्यानं येते. तू कर बंद. घरी सिलिंडर भरेल आहे, मी लावून घेईन. नाही म्हटलं असतं त मी तारेपाशी उभा राहिलो असतो. दवाखान्यातून सिलिंडर पाठवलं असतं पहिले. मले वाटलं, तुमाले हे माहीत आहे.”

किशोरनं हातमोजे पिशवीत भरले. मग खालच्या आवाजात विचारलं, “सर, लावता नाही आलं का त्याईले सिलिंडर?”

खुशालराव उठले. बाकाला धरून पुढे आले. खडू उचलला आणि आकांक्षापुढे धरला. शेवटचा बाण तू काढ, म्हणाले. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग उठून तिनं ट्रान्सफॉर्मरपासून बाण काढला आणि पुढे एक लहान घर काढलं. घराला दार काढलं. बाण जरा वाकडा आला होता. ती पुसायला गेली. राहू दे, ते म्हणाले, बरोबर आहे.

मग ते किशोरकडे वळले.

“सिलिंडर भरेलच होतं,” ते म्हणाले. “तिच्यानं चावी फिरली नसंल. तुयी काही चूक नाही किशोर.”

घरातलं एकुलतं एक सिलिंडर त्या दिवशी सकाळीच अकोल्याला भरायला गेलं होतं, आणि ते उचलून नेताना “उंबरठ्याले लागीन, जपून न्या” असं खाटेवरून साधनानंच सांगितलं होतं.