डावा पाय

रानातल्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघून जनावरांची दुखणी ओळखणं, हे तिचं काम. कोल्हा डावा पाय ओढत गेला, तेव्हा "काटा रुतला असेल," असं ती सहज म्हणाली. मग हरीण तसंच चाललं. मग रानडुक्कर. प्रत्येक पावलाआधी जरा थबकायचं आणि पाय घासत पुढे आणायचा.

"साथ असेल, ताई," शेजारचा सहकारी म्हणाला.

तिने व्हिडिओ थांबवला. नवऱ्याची ही चाल ती लग्नापासून ओळखत होती. तो हेच कॅमेरे लावायला रानात गेला, तो परतलाच नाही. शोधणाऱ्यांनीही हात टेकले होते.

संध्याकाळी लेकीने दार उघडलं. तिची डावी चप्पल फरशीवर घासत होती.

"पायाला काय लागलं गं?"

"कुठे काय?" म्हणत लेक जरा थबकली, आणि मग पुढे आली.