राघो सुताराची फळी

स्कॅनचा कागद अक्षराने टेबलावर पालथा ठेवला. समोर बाबा, म्हणजे यादवराव, टाय लावून बसले होते. म्युझियमची बैठक म्हणून लंडनमधल्या एजवेअरहून पहाटेच्या बसने नॉटिंगहॅमला आले होते.

"निकाल आलाय ना? दाखव."

"आधी चहा घ्या, बाबा."

शेजारच्या दालनात काचेआड ती फळी होती. मुंबई सरकारच्या 'लेडी ऑगस्टा' या शिडाच्या जहाजाच्या तळाची. १८४४ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांवर धाडलेल्या दारूगोळ्यासकट ते मालवणपुढे बुडालं. फळी बऱ्याच वर्षांनी वर काढली, तेव्हा तिच्यावर कालवांचं जाड पूट चढलं होतं. खालची पाटी सांगत होती : 'देशी सुतार राघो याच्या हलगर्जीपणामुळे जहाज कप्तानासह बुडाले.'

राघो यादवरावांचे खापरपणजोबा. १९८१ साली ती पाटी वाचली, त्या दिवसापासून यादवराव म्युझियमला पत्रं लिहीत होते. सव्वीस वर्षं.

"त्या कप्तानाने राघोच्या भावाला डोलकाठीला बांधून मारलं," ते आजही म्हणाले. "जीव जाईपर्यंत. आणि वर नावं आमच्या माणसाला ठेवतात! मी सोडणार नाही त्यांना."

अक्षरा लाकडावर पीएचडी करत होती. जहाजाला किडा लागला असेल तर पुटाखाली वाकडीतिकडी भोकं निघतील आणि राघो सुटतील, असं तिने धरलं होतं. म्हणून तिनेच म्युझियमकडून स्कॅनची परवानगी मिळवली होती.

मिस्टर हेविट आले. म्युझियमचे प्रमुख, सौम्य माणूस. त्यांनी निकाल सकाळीच वाचला होता.

"सांगितलंस?" त्यांनी इंग्रजीत हळूच विचारलं.

तिने मान हलवली. नाही. मग कागद उलटा केला.

"किडा नाहीये, बाबा. सॉरी. नऊ भोकं आहेत. आतून बाहेर पाडलेली. मी तीन वेळा चेक केलं."

यादवरावांनी चष्मा पुसला. एकेका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवत गेले.

"एकाच गिरमिटाने पाडलेली?"

"हो. सगळी बावीस मिलिमीटर. सरळ रेषेत."

"अंतर?"

"सारखं. बाबा, प्लीज. आपण हा रिपोर्ट छापायलाच नको."

"पाटी आम्ही काढून टाकू," हेविट म्हणाले. "तुमच्या घराण्याला त्रास होईल असं काही कुठेच राहणार नाही. माझा शब्द."

यादवरावांचे खांदे हलायला लागले. अक्षरा घाबरून उठली. मग तिला दिसलं, ते हसत होते.

"अंधारात, पाण्याखालच्या लाकडात, नऊच्या नऊ सरळ रेषेत!" ते तिला म्हणाले. "आणि हे आमच्या म्हाताऱ्याला हलगर्जी म्हणतात. सव्वीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?"

मग ते हेविटकडे वळले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "पाटी काढू नका, साहेब. फक्त 'हलगर्जीपणामुळे' खोडा आणि तिथे 'कसबामुळे' लिहा."