सर्वांत कडू नळी

"हे मुळीतलं नाहीच," अहवालाचा कागद टेबलावर ठेवीत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

परिचराच्या हातातील चंचुपात्र जागीच थबकले. बावीस वर्षे तो या प्रयोगशाळेत काचेची भांडी घाशीत होता. विद्या नववीपर्यंतची, परंतु चाल प्राध्यापकाची. सारे त्याला 'आचार्य' म्हणत. त्यातील टोमणा तेवढा गाळून तो ती पदवी सविनय स्वीकारीत असे.

कडू मुळीचा अर्क काढायचा, तो उभ्या काचनलिकेतून थेंबथेंब उतरवून तीनशे लहान नळ्यांत विभागायचा, आणि मुळीला कडू करणारे द्रव्य नेमके कोणत्या नळीत आहे ते हुडकायचे, असे ते काम होते. बाई यंत्रावर विसंबत, आचार्य जिभेवर. बाईंची सक्त मनाई असूनही तो प्रत्येक नळीतील थेंब चोरून चाखी. या जिभेचा दरारा घरीही होता. बायकोचा शनिवारचा स्वयंपाक हटकून कडू होतो, हे तो पहिल्याच घासाला ओळखी आणि ताट दूर सारी.

त्र्याण्णवाव्या नळीने त्याचे डोळे पांढरे केले. संध्याकाळपर्यंत तोंड कडूजहर राहिले. त्या नळीतून शुभ्र स्फटिक निघाले, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "हे नवीन ठरलं तर शोधनिबंधावर तुमचंही नाव घालीन." त्याच दिवशी त्याने भिंतीसाठी चौकट आणली. आजवर जावयाची ओळख 'आमचा भांडीवाला' अशी करून देणाऱ्या सासऱ्यांनाही त्याने कळविले.

"हे कारखान्यात बनतं," बाई सांगत होत्या. "लोकांनी चुकून पिऊ नये म्हणून विषारी औषधांत घालतात. मुळ्या विकणाऱ्या त्या आजींनी काहीतरी फवारलेलं दिसतंय. आजपासून त्यांच्याकडून घेणं बंद."

आचार्याची दृष्टी कोपऱ्यातील निळ्या पिंपाकडे गेली. पिंपात टेबले पुसण्याचे स्पिरिट होते. मुळ्या भिजवायच्या वेळी शुद्ध अल्कोहोल संपले होते. तेव्हा, दोन्ही शेवटी अल्कोहोलच, असा शास्त्रार्थ काढून त्याने पन्नास लिटर या पिंपातून घेतले होते, कोणास न सांगता. पिंपावर 'पिण्यास अयोग्य' असे ठळक लिहिले होते. ते त्याने वाचलेही होते. मुळी थोडीच पिणार आहे, असा विनोदही मनाशी केला होता.

आता मौन पाळले की भागत होते. आजींना कोणी विचारणार नव्हते. त्याने चौकट आठवून पाहिली. सासरे आठवून पाहिले. मग म्हातारीचे मुळ्या निवडणारे काळपट हात आठवले, आणि सगळा घोटाळा झाला.

"बाई, आजींनी काही केलेलं नाही. ते माझ्या पिंपातलं आहे."

सर्व ऐकून बाईंनी विचारले, "मग मुळीचं खरं द्रव्य कुठंय?"

"एकशे चाळिसावी नळी जराशी कडू होती. त्र्याण्णवावीपुढं अगदीच फिकी वाटली... म्हणून बेसिनमध्ये ओतली."

बाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांना हसू आवरेना. "आजींकडून नव्या मुळ्या आणा, आचार्य. पुन्हा पहिल्यापासून. आणि या खेपेला जीभ तोंडात ठेवा."

घरी बायको ताटे वाढीत होती. त्याने सारे सांगितले. नाव गेले, चौकट रिकामी राहिली. तरीही पराभवात विद्वत्ता दिसावी म्हणून तो सांगू लागला, "भयंकर चिवट द्रव्य! बोटांना लागलं की साबणानंही निघत नाही. त्या बोटांनी घास घेतला तर साखरसुद्धा कडू लागेल."

बायकोचा हात थांबला. "त्या पिंपातल्यानं टेबलं कधी पुसता तुम्ही?"

"दर शनिवारी. का?"

तिने डाव खाली ठेवला.

"दर शनिवारी माझ्या हाताला नावं ठेवून तुम्ही ताटावरून उठता," ती शांतपणे म्हणाली, "आणि दर शनिवारी मी तेच जेवण जेवून सांगत आले, की मला नाही हो कडू लागत."