मागची खोली

"मावशी, हे हक्कसोडपत्र आहे. वडिलांच्या जमिनीतला आणि घरातला तुमचा हिस्सा तुम्ही भावाला सोडताय. कळतंय ना?" पनवेलच्या नोंदणी कार्यालयातल्या मॅडमनी हौसाला विचारलं.

मान हलवली ती काशिरामने, तिच्या धाकट्या भावाने. मॅडम अशा माना रोजच बघतात. "तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या त्याला म्हणाल्या. तो हसत गेला आणि काचेच्या दाराला चिकटून उभा राहिला.

"आता बोला. जबरदस्ती आहे का? असेल तर मी इथेच थांबवते."

हौसा गडबडली. असं कुणी विचारेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. नवरा गेल्यापासून ती भावाच्या घरात, मागच्या खोलीत राहत होती. अंगठा दिला नाही तर भाऊ तुटणार. दिला तर ती खोलीही आपली म्हणायला जागा नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ही भली बाई उत्तराची वाट बघत बसलेली.

"मॅडम, ह्याच्यात मागच्या खोलीचं लिवलंय का?"

"कुठली खोली?"

"मी ऱ्हाते ती. मरेपर्यंत तुजीच हाय, असं बोललाय तो. देवासमोर बोललाय."

मॅडमनी पानं पुन्हा चाळली. "नाही, मावशी. आणि नुसतं बोललेलं उद्या कोण धरणार? वकिलाकडून लिहून आणा, मग अंगठा द्या. पण त्याला भावाची तयारी पाहिजे."

काशिरामला आत बोलावलं. खोलीचं ऐकून तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळेच भरून आले. नाटक असतं तर हौसाने तेव्हाच ओळखलं असतं. ते नाटक नव्हतं, हीच पंचाईत.

"बाय, माज्यावर इस्वास नाय तुजा? आई गेल्यावर तूच मला कडेवर घेऊन वाडवलंस. आता तुज्याशी कागद करू?"

कागदच तर चालला होता. पण ते त्याला कोण सांगणार? मागे रांगेतली माणसं बघायला लागली होती. हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "मग एवढं ऐका. मोबदला न घेता हक्क सोडायचा तर कागदात कारण लागतं. इथे लिहिलंय, 'भावावरील नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी.' हे खरं आहे?"

हौसाने भावाकडे पाहिलं. ढेरी सुटलेली, गळ्यात चेन, आणि डोळे मात्र तेच, ताप आला की तिला शोधणारे. नाही म्हणायला तिची जीभ उचलेना.

"तेवढं खरं हाय," ती म्हणाली.

मशीनवर अंगठा झाला, कॅमेऱ्यात फोटो झाला.

खाली उतरता उतरता काशिरामने बिल्डरला फोन लावला. "झालं काम," म्हणाला, आणि मायेने बहिणीसाठी गाडीचं दार उघडलं.

सकाळी येताना हौसा पुढच्या सीटवर आपणहून चढून बसली होती, काच खाली कर म्हणून त्याच्यावर डाफरलीही होती. आता ती उघड्या दाराशी पदर सावरत उभी राहिली.

"बसू का?" तिने विचारलं.