बाबासोचं अस्वल

"वर भूत हाय," नागाप्पा पानाला चुना लावत म्हणाला. "रोज दुपारी कागद फडफडवतंय."

"उंदरं असतील," रुद्रेश म्हणाला. "लाव पैज, आण्णा. भूत निघालं तर मी भर चौकात अस्वलागत चालतो. न्हाय निघालं तर तू चालायचं, ढेरीसकट!"

मंगळवार पेठेत अस्वल म्हटलं की एकच. टीव्हीवर लागायचं ते, झुलत चालणारं. नागाप्पाच्या दुकानावरच्या कार्टून स्टुडिओत बाबासोनं ते काढलं होतं. पुढं काम देणाऱ्या मुंबईवाल्यांनी कॉम्प्युटर घेतले, स्टुडिओ बंद पडला. मग बाबासोही वारला.

दोघं जिना चढले, मागं निम्मी गल्ली. कुलूप कडीला नुसतंच अडकवलेलं. आतनं आवाज आला. फर्रर्र. थांबला. परत फर्रर्र. नागाप्पानं रुद्रेशचा शर्ट घट्ट धरला.

रुद्रेशनं दार ढकललं.

बाबासोच्या टेबलाशी सोनूबाई बसली होती, त्याची बायको. हातात कागदांची चळत. अंगठ्यानं भराभर सोडत होती.

"हरला की आण्णा!" रुद्रेशनं टाळी वाजवली. "भूत कसलं? आपली मावशी हाय! चल चौकात!"

सोनूबाई दचकली नाही. "रुद्र्या, हिकडं ये. बघ."

फर्रर्र. अस्वल चाललं. अंगावर केस नाहीत, रंग नाही, नुसत्या पेन्सिलच्या रेघा. एक खांदा पडलेला, डावा पाय ओढत. रुद्रेशचं हसू तिथंच अडकलं. ह्याच जिन्यावरनं बाबासोची ही चाल रोज संध्याकाळी उतरायची.

"आरशाम्होरं सोता चालायचे, मग काढायचे," सोनूबाई म्हणाली. "घरात फोटो हाय की. पन फोटो चालत न्हाय." तिनं अंगठा बघितला. काळा झाला होता. "रोज बघून बघून पेन्सिल पुसत चाललीया. डावा पाय तर गेल्यातच जमा. आन् चालतंय बी जाग्यावरच. घरला कवा पोचतच न्हाय."

नागाप्पा पैजेसाठी गुमान धोतर खोचायला लागला.

"थांब आण्णा," रुद्रेश म्हणाला. "भूत हाय की. मी हरलो."

चौकात त्यानं खांदा पाडला, डावा पाय ओढला. शिट्ट्या पडल्या. "ए अस्वल्या, नाच की!" गिरणीपर्यंत जाईस्तोवर शिट्ट्या थांबल्या. नळावरची बयाबाई घागर तशीच सोडून उभी राहिली. "आगं बया... बाबासो!"

सोनूबाई पुढं जाऊन चौकापलीकडं आपल्या घराच्या दारात उभी होती.

"डावा पाय जरा उशिरा उचल!" ती ओरडली.

रुद्रेशनं उशिरा उचलला. चौक संपला, पैज फिटली, तरी तो थांबला नाही. तसाच पाय ओढत तिच्या दारापर्यंत आला.

सोनूबाई आत गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. पाय धुवायला तो तिनं उंबऱ्याबाहेर ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.