निरोगी तोंडाचा नमुना

दोन वर्षांच्या लेकीचे दात किडले, तेव्हा मी थेट सासूबाईंनाच धारेवर धरलं. त्या तिला आपल्या चमच्यानं भरवायच्या, उठसूट पापे घ्यायच्या. दातांवरच्या थरातले जंतू शोधणं हेच माझं लॅबमधलं काम, त्यामुळे या विषयावर घरात शेवटचा शब्द माझाच.

"आई, किडीचे जंतू असेच एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. उद्यापासून चमचा वेगळा आणि पापे बंद."

"बरं बाई," एवढंच म्हणाल्या त्या.

महिन्याभरानं, माझंच कसं खरं होतं ते दाखवायला, मी त्यांच्या दातांवरचा थर काडीनं खरवडून लॅबमध्ये नेला आणि फक्त किडीचेच जंतू वाढतील असं खाद्य घातलेल्या काचेच्या बशीत ठेवला. तुलनेला एक निरोगी तोंड लागतं, म्हणून दुसऱ्या बशीत माझा नमुना.

तिसऱ्या दिवशी झाकणं उघडली. सासूबाईंच्या बशीत जेमतेम चार ठिपके. माझी बशी जंतूंनी गच्च. लेकीचा प्रत्येक घास गरम नाही ना, हे आधी स्वतःच्या तोंडात घालून बघणारी मीच होते.

 

घरी आले, तर लेक आजीच्या गळ्यात पडलेली, मला बघताच सासूबाईंनी घाईघाईनं तोंडावर हात धरला, "मी नाही हं पापा घेतला, तिनंच घेतला माझा."